स्मृतिव्यवस्थापनातील दुरुस्ती व तिचे परीक्षण

संगणकाच्या परिचालन प्रणालीचा जो मध्यवर्ती भाग स्मृती, प्रक्रियक व जोडसाधने यांवर थेट नियंत्रण ठेवतो, त्याला प्रणालीचा गाभा किंवा कर्नेल असे म्हणतात. गाभ्यातील स्मृतीच्या वाटपाशी संबंधित असलेल्या आज्ञांमध्ये दोष आढळल्यास तो दूर करण्यासाठी एक दुरुस्ती लिहिली जाते. ही दुरुस्ती स्वीकारण्यापूर्वी ती लिहिणाऱ्याहून निराळ्या जाणकारांनी वाचून तिची योग्यायोग्यता ठरविण्याच्या प्रक्रियेला परीक्षण म्हणतात. साधी आज्ञावली चुकल्यास बहुधा ती एकटीच बंद पडते. गाभा चुकल्यास त्यावर चालणाऱ्या सर्वच आज्ञावल्या व त्यांनी साठविलेली माहिती धोक्यात येते. म्हणून येथे दोषाचे लक्षण नाहीसे झाले एवढ्यावर परीक्षकाला थांबता येत नाही. स्मृतीचा कोणता भाग कोणाच्या मालकीचा आहे व त्यावर कोणी केव्हा लिहावे, हा नियम दुरुस्तीनंतर सर्व वाटांवर पाळला जातो की नाही, हे त्याला पाहावे लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची मुख्य स्मृती फेराइट कड्यांची असून तीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. अशा आरंभीच्या यंत्रांवर एका वेळी एकच आज्ञावली चालत असल्यामुळे स्मृतीच्या मालकीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठातील ॲटलास या संगणकात (१९६२) आभासी स्मृतीची कल्पना प्रत्यक्षात आली आणि प्रत्यक्ष स्मृतीहून मोठी स्मृती उपलब्ध असल्याप्रमाणे आज्ञावली लिहिता येऊ लागली. पुढे यूनिक्स व तत्सम बहुउपयोक्ता प्रणालींत एकाच यंत्रावर अनेक व्यक्तींची कामे एकाच वेळी चालू लागली व त्यांच्या स्मृती परस्परांपासून सुरक्षित ठेवणे हे गाभ्याचे प्रमुख कर्तव्य ठरले. फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा गाभा लिहिण्यास आरंभ केला. त्याची मूळ आज्ञावली सर्वांना वाचण्यास खुली असल्यामुळे दुरुस्ती कशी सुचविली गेली, कोणी तपासली व ती कोठे उणी पडली, याचा संपूर्ण इतिहास अभ्यासास उपलब्ध आहे. या लेखातील उदाहरण त्याच इतिहासातील आहे.

स्मृतीची पृष्ठे : गाभा स्मृतीचे समान आकाराचे तुकडे करतो. त्यांना पृष्ठे म्हणतात. प्रचलित संगणकांत पृष्ठ सामान्यतः ४,०९६ बाइटांचे असते. प्रत्येक चालू आज्ञावलीसाठी गाभा एक पृष्ठकोष्टक ठेवतो. आज्ञावलीला दिसणारा पत्ता प्रत्यक्ष स्मृतीतील कोणत्या पृष्ठाचा आहे, हे या कोष्टकातील नोंदीवरून कळते. याच नोंदीत काही खुणाही असतात : पृष्ठ केवळ वाचावयाचे आहे की त्यावर लिहिताही येईल, ते नुकतेच वापरले गेले आहे काय आणि त्यावर काही लिहिले गेले आहे काय. यांपैकी शेवटच्या खुणेला ‘मलिन’ खूण म्हणतात. पृष्ठ मलिन असल्यास ते स्मृतीतून काढून टाकण्यापूर्वी त्यावरील मजकूर जतन करणे आवश्यक आहे, एवढाच या खुणेचा मूळ अर्थ होय.

लेखनसमयी प्रत : अनेक आज्ञावल्या एकच फाइल वाचत असतील, तर प्रत्येकीसाठी वेगळी प्रत करणे म्हणजे स्मृतीचा अपव्यय होय. म्हणून सर्वांना एकच मूळ पृष्ठ दाखविले जाते आणि जी आज्ञावली आपल्या खासगी वापरासाठी त्यावर काही लिहू पाहते, तिला त्या क्षणी स्वतंत्र प्रत करून दिली जाते. या पद्धतीला लेखनसमयी प्रत असे म्हणता येईल. बीबीएन या अमेरिकन संस्थेत विकसित झालेल्या टेनेक्स या प्रणालीतही ती होती.

ही पद्धत समजण्यास गावच्या महसुली दप्तराचे उदाहरण उपयोगी पडते. जळगाव तालुक्यातील असोदा या गावचे, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या माहेरचे, सातबाऱ्याचे दप्तर घ्यावे. मूळ नोंदवही कोणीही पाहावी. परंतु ज्याला तीवर खुणा किंवा आकडेमोड करावयाची असेल, त्याने नक्कल घ्यावी व हवे ते नकलेवर लिहावे. नकलेवर काहीही लिहिले तरी मूळ नोंद बदलत नाही, या विश्वासावर शेतजमिनीचे सर्व व्यवहार चालतात. गाभ्यातील व्यवस्थाही अशीच असते. मूळ पृष्ठ ही नोंदवही आणि खासगी प्रत ही नक्कल होय. खासगी लेखन मूळ पृष्ठावर उमटले, तर ज्या व्यक्तीला एखादी फाइल केवळ वाचण्याचा अधिकार आहे, तिला ती फाइल बदलता येईल व उपयोक्त्यांच्या अधिकारांची सारी उतरंड कोसळेल.

दोषांचे प्रकार : स्मृतिव्यवस्थापनातील दोष स्थूलमानाने पुढील प्रकारांचे असतात. (१) घेतलेली स्मृती काम संपल्यावर परत न करणे; यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या यंत्राची स्मृती हळूहळू आटत जाते. (२) परत केलेल्या स्मृतीचा वापर चालू ठेवणे. तोपर्यंत ती जागा दुसऱ्या कामासाठी दिली गेली असल्यास एकाचे लेखन दुसऱ्याच्या माहितीवर पडते. (३) एकच जागा दोनदा परत करणे. (४) ठरलेल्या मर्यादेबाहेर लिहिणे. (५) पृष्ठ किती जण वापरत आहेत याची मोजणी चुकणे. (६) दोन कामे एकाच वेळी चालू असताना त्यांच्या क्रमावर परिणाम अवलंबून असणे. याला शर्यत म्हणतात. शर्यतीचा दोष शोधण्यास सर्वांत अवघड असतो, कारण लाखो वेळा क्रम योग्य लागतो व एखाद्या वेळीच तो उलटा पडतो. म्हणून केवळ चाचणीत यंत्र नीट चालले, हा दुरुस्ती योग्य असल्याचा पुरावा होत नाही.

परीक्षणाची पद्धत : लिनक्स गाभ्यातील बदल लहान लहान भागांत विभागून, प्रत्येकाबरोबर कारणमीमांसा जोडून, संबंधितांच्या अवलोकनार्थ मांडला जातो. दोष काय होता, तो कोणत्या पूर्वीच्या बदलामुळे शिरला, त्याचा उपद्रव काय व दुरुस्ती याच रीतीने का केली, हे लेखकाने सांगावे अशी अपेक्षा असते. त्यानंतर जबाबदारीची नोंद होते. बदल सादर करण्याचा आपल्याला अधिकार आहे अशी लेखकाची ग्वाही, दुसऱ्या जाणकाराची साधी संमती, काळजीपूर्वक वाचून दिलेला परीक्षणाचा निर्वाळा आणि प्रत्यक्ष चाचणी घेतल्याची नोंद, हे चार प्रकार भिन्न मानले जातात. त्या त्या विभागाचा पालक या सर्वांचा विचार करून बदल स्वीकारतो. जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांसाठी महत्त्वाच्या दुरुस्त्या त्या आवृत्त्यांतही पोचविल्या जातात.

महसुली दप्तरातील फेरफाराची पद्धत याच्याशी मिळतीजुळती आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० अन्वये तलाठ्याने फेरफाराची नोंद केल्यावर तिची प्रत चावडीत लावावयाची असते व हितसंबंधितांना लेखी कळवावयाचे असते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि अव्वल कारकुनाहून कमी नसलेल्या दर्जाच्या अधिकाऱ्याने तपासून प्रमाणित केल्यावरच नोंद पक्की होते. नोंद करणारा व प्रमाणित करणारा निराळा असणे, तसेच ज्याच्या शेताच्या बांधाला धक्का लागतो त्याला आधी विचारणे, ही दोन्ही तत्त्वे गाभ्याच्या परीक्षणातही मूलभूत आहेत. गाभ्यातील ‘शेजारी’ म्हणजे तीच स्मृती निराळ्या कारणांसाठी वापरणारे इतर विभाग आणि निराळ्या रचनेची यंत्रे होत.

डर्टी काउ दोष : लेखनसमयी प्रत या पद्धतीच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांचा ‘काउ’ म्हणजे गाय असा शब्द होतो. त्यावरून व मलिन खुणेवरून २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या एका दोषाला डर्टी काउ हे नाव पडले. परीक्षणाचे महत्त्व व त्याच्या मर्यादा या दोन्ही दृष्टींनी तो उद्बोधक आहे.

दोषाचे स्वरूप असे होते : केवळ वाचण्यास मुभा असलेल्या फाइलीच्या खासगी मांडणीवर एखादी आज्ञावली गाभ्यामार्फत लिहू लागली, की गाभा प्रथम खासगी प्रत करून देई. मात्र मूळ मांडणी केवळ वाचनाची असल्यामुळे तीच विनंती पुन्हा तपासताना गाभा तीतील ‘लिहावयाचे आहे’ ही नोंद काढून टाकी. प्रत तर झालीच आहे, आता ती शोधून देणे एवढेच उरले आहे, असे त्यामागे गृहीत होते. नेमक्या या मधल्या क्षणी त्याच आज्ञावलीच्या दुसऱ्या समांतर प्रवाहाने खासगी प्रत टाकून दिल्याचे कळविले, तर शोध घेणाऱ्याला प्रत न सापडता मूळ पृष्ठ सापडे आणि लेखन थेट त्यावर होई. दप्तराच्या भाषेत सांगावयाचे, तर नक्कल दिली गेली, ती तत्काळ फाडून टाकली गेली आणि ‘नक्कल दिलेली आहे’ या समजुतीने लेखणी मूळ नोंदवहीवर टेकविली गेली. अशा रीतीने कोणताही साधा उपयोक्ता यंत्राच्या सर्वाधिकारी उपयोक्त्याचे अधिकार मिळवू शकत असे.

हा धोका प्रथम २०१६ मध्येच लक्षात आला असे नाही. टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्येच त्यावर एक दुरुस्ती केली होती. लिहिण्यायोग्य पृष्ठ सापडले की नाही, हे तीत मलिन खुणेवरून ठरविले जाई. परंतु आयबीएमच्या एस/३९० या यंत्ररचनेत ही माहिती पृष्ठकोष्टकात नसून प्रत्यक्ष पृष्ठाशी निगडित असलेल्या वेगळ्या जागी ठेवली जाते. त्यामुळे त्या यंत्रांवर अडचणी उद्भवल्या व त्याच वर्षी दुरुस्ती मागे घेऊन तिच्या जागी दुसरी व्यवस्था करण्यात आली. हरकत घेणाऱ्या शेजाऱ्याचे म्हणणे खरे होते. परंतु हरकतीचे निवारण करताना मूळ धोका पुन्हा मोकळा राहिला. त्या काळी ही शर्यत केवळ तात्त्विक समजली जाई. पुढे स्मृतिव्यवस्थापन अधिक समांतर झाल्यामुळे ती प्रत्यक्षात घडविणे सोपे झाले. २००७ मधील २.६.२२ या आवृत्तीपासून पुढील आवृत्त्या या दोषाने बाधित होत्या. लिनक्सवर आधारलेल्या अँड्रॉइड दूरध्वनींनाही त्याची बाधा होती.

फिल ओस्टर यांच्या देखरेखीखालील एका संगणकावर या दोषाचा गैरवापर झाला. आत येणाऱ्या संदेशांची नोंद त्यांनी ठेवलेली असल्यामुळे तीत हल्ल्याची आज्ञावली सापडली. ऑक्टोबर २०१६ मध्ये टोरव्हाल्ड्स यांनी नवी दुरुस्ती केली. ओस्टर यांनी तिची चाचणी घेतली, ह्यू डिकिन्स यांनी संमती दिली व मिखाल होत्स्को यांनी परीक्षण केले. ४.८.३ या आवृत्तीत ती समाविष्ट झाली. या दुरुस्तीत विनंतीतील ‘लिहावयाचे आहे’ ही नोंद कायम ठेवून ‘प्रत केलेली आहे’ अशी स्वतंत्र नोंद जोडण्यात आली आणि ती अजून खरी आहे काय, हे पृष्ठाच्या मलिन खुणेवरून पडताळण्यात येऊ लागले. एस/३९० मधील अडचण २०१३ च्या ३.९ या आवृत्तीत दूर झालेली असल्यामुळे आता हा मार्ग खुला होता.

दुरुस्तीनंतरचे दोष : या दुरुस्तीमागे एक अनुमान होते. लिहिण्यासाठी केलेली प्रत मलिन असतेच. म्हणून प्रत केल्याची नोंद असून सापडलेले पृष्ठ मलिन असेल, तर ते प्रतच असले पाहिजे. अनुमान तोपर्यंत खरे होते; पण मलिन खूण मुळात मालकी दाखविण्यासाठी नव्हती आणि गाभ्यातील इतर विभाग ती आपापल्या कारणांसाठी उमटवू शकत होते.

स्मृतीचा मोठा भाग वापरणाऱ्या आज्ञावल्यांसाठी गाभा सामान्यतः २ मेगाबाइटांची महापृष्ठे देतो. २०१७ च्या आरंभी वरील पडताळणी महापृष्ठांनाही लागू करण्यात आली. परंतु महापृष्ठ वापरले गेल्याची नोंद करणारी आज्ञा काही वाटांवर, प्रत्यक्ष लेखन झालेले नसतानाही, मलिन खूण उमटवीत असे. त्यामुळे प्रत नसलेले पृष्ठही प्रत म्हणून मान्य होऊ लागले. बिंडेसी या संस्थेच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये हा दोष दाखवून दिला. सर्व आज्ञावल्यांना सामायिक असलेले शून्यांनी भरलेले महापृष्ठ त्यामुळे बदलता येत असे. डिस्कवरील सामान्य फाइलींना मात्र त्याची बाधा नव्हती. किरिल शुतेमोव्ह यांनी लेखनाच्या हेतूविना मलिन खूण उमटू नये अशी दुरुस्ती केली.

याच अनुमानाला २०२२ मध्ये पुन्हा धक्का बसला. जानेवारी २०२२ मधील ५.१६ या आवृत्तीत स्मृतीतच ठेवलेल्या फाइलींच्या पृष्ठांना एका विशिष्ट वाटेने जोडताना मलिन खूण नेहमीच उमटविण्याचा बदल झाला होता. तो बदल आपल्या जागी सकारण होता. मात्र दूर कोठेतरी हीच खूण मालकीचा पुरावा म्हणून वाचली जाते, हे त्याच्या परीक्षणात ध्यानात आले नाही आणि अशा फाइलींपुरता डर्टी काउ पुन्हा अवतरला. ऑगस्ट २०२२ मध्ये डेव्हिड हिल्डेनब्रांट यांच्या दुरुस्तीने मलिन खुणेवरील भिस्त व ‘प्रत केलेली आहे’ ही जोडनोंद ही दोन्ही काढून टाकण्यात आली. पृष्ठ एकाच आज्ञावलीच्या अनन्य मालकीचे आहे, हे दर्शविण्यासाठीच योजलेली खूण आता तपासली जाते. शाईचा डाग असेल तो कागद नक्कल समजावा, असा दंडक ठेवला तर मूळ नोंदवहीवर डाग पडण्याचाच अवकाश असतो. नकलेवर ‘नक्कल’ असा शिक्का असणे हीच खरी व्यवस्था होय.

परीक्षकाचे निकष : वरील इतिहासातून व सामान्य अनुभवातून परीक्षकाने विचारावयाचे प्रश्न निश्चित झालेले आहेत. दुरुस्ती वस्तुस्थितीच तपासते, की वस्तुस्थितीबरोबर बहुधा आढळणारी एखादी खूण तपासते? ती खूण आणखी कोण उमटवितो व कोण पुसतो? तपासणी व प्रत्यक्ष कृती यांच्या मध्ये परिस्थिती बदलू शकते काय. बदलू शकत असल्यास कोणते कुलूप ती रोखते? महापृष्ठे, सामायिक पृष्ठे व निराळ्या रचनेची यंत्रे या सर्वांना तोच नियम लागू होतो काय? स्मृती मिळालीच नाही, तर अपयशाच्या वाटेने परतताना तोपर्यंत घेतलेली सर्व स्मृती व कुलुपे सोडली जातात काय? जेथे थांबून राहणे निषिद्ध आहे, अशा ठिकाणी थांबावयास लावणारी स्मृतीची मागणी केली गेली आहे काय? आणि पूर्वी मागे घेतलेली एखादी दुरुस्ती असल्यास, ती ज्या कारणासाठी केली होती ते कारण नाहीसे झाले आहे काय? २००५ मध्ये या शेवटच्या प्रश्नाला पुरेसे उत्तर मिळाले असते, तर अकरा वर्षांनंतरचा अनर्थ टळला असता.

साहाय्यक साधने : मानवी वाचनाला यंत्राची जोड दिली जाते. कुलुपांच्या क्रमातील विसंगती दाखविणारे लॉकडेप (२००६), परत न केलेली स्मृती शोधणारे केमेमलीक (२००९), मर्यादेबाहेरील व परत केल्यानंतरचा वापर पकडणारे केसॅन (२०१५) आणि शर्यती हुडकणारे केसीसॅन (२०२०) ही साधने लिनक्स गाभ्यात अंतर्भूत आहेत. गूगलचे सिझकॉलर हे साधन गाभ्याकडे सतत यादृच्छिक मागण्या करून त्याला अडचणीत आणण्याचा प्रयत्न करते. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून रस्ट या भाषेतही गाभ्याचे काही भाग लिहिण्याची सोय झाली. या भाषेत स्मृतीच्या मालकीचे अनेक नियम भाषांतरक आज्ञावलीच तपासते. तथापि डर्टी काउसारख्या दोषात प्रत्येक आज्ञा स्वतंत्रपणे निर्दोष असते. त्यांच्यामधील अलिखित समजूत तेवढी चुकलेली असते. ती ओळखण्याचे काम अद्याप वाचणाऱ्या माणसाकडेच राहते.

महाराष्ट्र व भारत : मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक राहिलेले धनंजय ढमढेरे यांचा परिचालन प्रणालींवरील इंग्रजी पाठ्यग्रंथ तसेच अच्युत गोडबोले यांचा याच विषयावरील इंग्रजी ग्रंथ यांच्याद्वारे स्मृतिव्यवस्थापनाची तत्त्वे भारतीय विद्यार्थ्यांपर्यंत पोचली आहेत. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. याच केंद्राचा परम सिद्धी हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ व्या स्थानी होता. नोव्हेंबर २०१७ पासून या यादीतील सर्व महासंगणक लिनक्सवर चालणारे आहेत. भारतीय भाषांच्या सोयीने युक्त अशी बॉस ही प्रणालीही याच केंद्राने २००७ मध्ये लिनक्सच्या आधारे प्रसृत केली. महाराष्ट्रात फेरफाराच्या नोंदी आता ई-फेरफार प्रणालीद्वारे संगणकावर घेतल्या जातात. चावडीतील नोंदवही कपाटात कुलूपबंद असे. संगणकावरील नोंदीच्या रक्षणाचा अखेरचा आधार म्हणजे कोणी कोठे लिहावे हे ठरविणारा गाभा होय. त्यातील चार-दोन ओळींच्या दुरुस्तीकडे अनेकांनी, अनेकदा व संशयाने पाहणे यासाठीच आवश्यक ठरते.